लिंबावरून गेलेली गाडी

"तुमचा विश्वास बसायचा नाही," मी व्याह्यांना म्हणालो, "पण ही उंबऱ्यात बसून तूर निवडणारी बाई आहे ना, हिचा फोटो दिल्लीच्या लोकसभेत झळकलेला आहे."

व्याह्यांनी नाकावरचा रुमाल थोडा खाली केला, गोजराकडे बघितलं, आणि रुमाल परत वर घेतला. व्याही माझे नव्हेत, शेजारच्या बबनचे. लेक या गावात दिल्यावर पहिल्यांदाच आले होते. बबनच्या घरी चहा झाला, तेव्हापासून त्यांचा रुमाल नाकावरच होता. म्हणून बबननं त्यांना माझ्या ओट्यावर आणून बसवलं. करमणूक झाली की वासाचा विसर पडतो, असा त्याचा अनुभव आहे.

"दाजी थापा मारतात," बबन व्याह्यांच्या कानात म्हणाला, पण मला ऐकू येईल इतक्या मोठ्यानं. "तेवढं धरून चाला."

"मारतो की. पण ही नव्हे."

दाजी म्हणजे मी. आत्माराम हे माझं नाव माझ्या आईबरोबर गेलं. करंजओढ्याचा मी घरजावई, त्यामुळं गावातलं शेंबडं पोरसुद्धा मला दाजी म्हणतं. सासऱ्यांना मुलगा नव्हता असं नाही. होता. चांगला होता, हुशार होता, बोलायला लागला की पाटातलं पाणी थांबून ऐकायचं. संपतराव खलाटे. पण तो शहरात राजकारणात गेला आणि राजकारणातून नांगराकडं परत आलेला माणूस कुणी बघितलाय? तेव्हा सासऱ्यांनी मला बोलावून घेतलं आणि जमिनीला जुंपलं. एक विहीर होती, सासऱ्यांनी स्वतः कातळ फोडून काढलेली. तिचं पाणी इतकं गोड की शेजारच्या गावचे लोक साखर वाचवायला चहाला आमच्याकडं यायचे.

"हां, हे झालं सुरू," बबन म्हणाला.

"साखरेचं सोडा. पाणी गोड होतं की नव्हतं?"

"होतं," बबन म्हणाला.

मग शहरानं आमच्या शिवेवर कचरा डेपो आणला. मध्येच कधीतरी, आमच्या गायरानावर. सांगितलं, तात्पुरता. तात्पुरता या शब्दाची सरकारी मुदत तुम्हाला माहीत असेलच, व्याही, कारण तुम्ही रुमाल धरून बसलाय. आधी डोंगराएवढा ढीग झाला, मग ढिगापुढं डोंगर लहान दिसायला लागला. कावळे इतके माजले की त्यांना उडायचा कंटाळा यायचा, रस्त्यानं चालत घरी जायचे. एकदा लग्नाच्या वरातीत नवरदेव घोड्यावर बसून डेपोवरून आला, तर मांडवात पोहोचेपर्यंत त्याच्या अंगावर माशा इतक्या बसलेल्या की मुलीची आई म्हणाली, ठरवताना पोरगा गोरा होता. लग्न मोडता मोडता राहिलं.

व्याही हसले. रुमालामागून हसले, पण हसले.

"पण हसायचं तिथं संपलं," मी म्हणालो. "एका पावसाळ्यानंतर विहिरीला पाणी आलं ते चहासारखं. कोऱ्या चहासारखं. वर तवंग. जनावरं तोंड लावून मागं सरकायची. आमच्या म्हशीनं तर माझ्याकडं असं बघितलं की जणू मीच मुतलोय तिथं."

त्या दिवशी गोजरा रहाटाजवळ उभी राहून कितीतरी वेळ खाली बघत होती. बापानं काढलेली विहीर. मग ती पदर खोचून सरळ डेपोच्या फाटकावर गेली आणि पहिला डंपर आला त्याच्यासमोर आडवी झाली. मला सांगितलं नाही, विचारलं नाही. मी पोहोचलो तोवर तिच्या शेजारी गावातल्या बायका आडव्या व्हायला लागल्या होत्या. संध्याकाळपर्यंत फाटकासमोर मांडव पडला. भजन सुरू झालं. चुली तिथंच पेटल्या. शहराची एकही गाडी आत जाईना.

दिवसामागून दिवस गेले. शहरात काय झालं ते तुम्ही पेपरात वाचलं असेल. चौकाचौकात ढीग. लग्नाच्या हॉलसमोर ढीग. महापौरांच्या बंगल्यासमोर तर इतका मोठा ढीग की महापौर त्याच्यावर चढून गच्चीतून घरात जायचे. टीव्हीवाले आले. आणि नेमकं त्याच साली दिल्लीत कचऱ्याचा कायदा येणार होता. अख्ख्या देशासाठी एकच कायदा. त्यात एक कलम असं होतं, की कुठल्याही गावाशेजारी कचरा टाकायचा तर आधी त्या गावाच्या ग्रामसभेनं हो म्हटलं पाहिजे. एवढं एकच कलम. दिल्लीत त्याच्यावरून जुंपली होती. एक बाजू म्हणायची, गावांना विचारत बसलो तर देशभरातली शहरं नाकापर्यंत बुडतील. दुसरी म्हणायची, माणसं राहतात तिथं, विचारायला नको? रोज संध्याकाळी टीव्हीवर आठ-आठ तोंडं एकदम ओरडायची, आणि त्यांच्यामागं चित्र कुणाचं? आमच्या फाटकाचं. आमच्या मांडवाचं.

"आणि तुमचे मेहुणे?" व्याह्यांनी विचारलं.

"बरोबर. तिथंच येतोय."

संपतराव तोवर खासदार झाला होता. पहिलीच खेप. निवडून आला तो आम्हाला दिलेल्या शब्दावर. "डेपो हलवला नाही तर करंजओढ्यात पाऊल ठेवणार नाही" असं चावडीसमोर सांगून गेला होता. गावानं त्याला डोक्यावर घेतलं. मी तर घोषणा देऊन देऊन घसा इतका बसवून घेतला की महिनाभर म्हशीला हाक मारायलासुद्धा गोजराला बोलवावं लागायचं.

मांडव पडल्यावर तो बऱ्याच दिवसांनी आला. खंडेनवमीच्या सकाळी. गाडी लांब उभी करून चालत आला, बायकांमध्ये जमिनीवर बसला, चुलीवरचा चहा प्याला. मग गोजराला आणि मला बाजूला घेतलं.

"गोजरे, आता ऐक माझं," तो म्हणाला. "आज खंडेनवमी."

"माहीत आहे दादा. कोयता-विळ्याची पूजा करूनच बसलेय मी इथं."

"डंपरवरची पोरं आपल्याच गावची आहेत. आपल्या चुलतभावाचा पोरगा आहे. सावंताचा आहे. त्यांच्या गाड्यांना आज हार नको? फूल नको? मांडवापाशी आणू दे त्यांना. तू कुंकू लाव, नारळ फोड."

"त्या गाडीला हात लावायची नाही मी."

"गाडीनं काय केलंय? यंत्र आहे ते. चालवणारा आपला आहे."

गोजरानं खोचलेला पदर अजून घट्ट खोचला.

"पूजा चुकली," संपत हळूच म्हणाला, "आणि वर्षभरात पोरांना रस्त्यावर काही झालं, तर त्यांच्या आयांना काय तोंड दाखवणार आहेस तू?"

इथं व्याह्यांनी मान हलवली. त्यांचा स्वतःचा टेम्पो आहे. त्यांना कळलं. आमच्या भागात हे कुणालाही कळतं. गाडी असो, नांगर असो, शिवणयंत्र असो, खंडेनवमीला त्याला फूल वाहायचं राहिलं तर वर्षभर जिवाला घोर लागतो. कुणाचं यंत्र आहे हे विचारत नाहीत. शत्रूची तलवारसुद्धा दारात आणली तर तिला हळदकुंकू लावावंच लागेल, अशी आमच्याकडची समजूत.

"आणि गाड्या रिकाम्या आहेत ना?" मी विचारलं.

"दाजी!" संपत म्हणाला, आणि माझ्याकडं असं बघितलं की मीच खाली बघितलं. "माझ्यावर विश्वास नाही का तुमचा?"

"तसं नाही हो."

"आणि अजून एक सांगतो, तुम्हा दोघांनाच. अधिवेशनात माझं भाषण आहे या कायद्यावर. मला गावाचं चांगलं चित्र दाखवायचंय. आडमुठी माणसं नाहीत ही, संस्कारी आहेत. शत्रूच्या गाडीलाही ओवाळतात. असं काही दाखवलं की सगळं सभागृह आपल्या बाजूला येईल. ते कलम पास करून घेतो, आणि डेपो उचलतो. मी शब्द देतो."

गोजरानं त्याच्याकडं बघितलं. मी तिला ओळखतो. एखादं वांगं किडकं आहे का हे ती असं बघते. पण वांगं भाऊ असला की हात थांबतो.

"बरं," ती म्हणाली.

गाड्या आल्या. ओळीनं. प्रत्येकीच्या नाकावर झेंडूचे हार, आरशाला आंब्याची पानं, दारावर ओम आणि स्वस्तिक. माझा विश्वास बसेना, पण त्या वेळी ती कचऱ्याची गाडी वाटतच नव्हती. नवरीच्या मांडवात आलेल्या वरपक्षासारखी वाटत होती. मागं ताडपत्री. ताडपत्रीवरसुद्धा फुलं. ड्रायव्हर पोरं आंघोळ करून, कपाळाला नाम ओढून बसलेली. बायका म्हणाल्या, आता यांच्यावर कसं ओरडायचं?

गोजरानं पहिल्या गाडीला हळद लावली. कुंकू लावलं. ताट घेऊन ओवाळलं. कुणीतरी फोटो काढत होतं, संपतच्या गाडीतून आलेला माणूस, गळ्यात मोठा कॅमेरा. तो म्हणाला, "ताई, जरा हसा." गोजरा हसली. बरोबर आहे, सणाचा दिवस होता, भाऊ शेजारी उभा होता, ती हसली. मग तिनं नारळ फोडला. पाणी चाकावर शिंपडलं. आणि चाकांखाली लिंबं ठेवली.

मी इथं थांबलो. बबन जमिनीकडं बघत होता. त्याला पुढचं माहीत आहे, तो तिथं होता. व्याह्यांनी आता रुमाल मांडीवर ठेवला होता, ते त्यांच्या लक्षातही नव्हतं.

"मग?" ते म्हणाले.

"मग काय? तुम्ही टेम्पोवाले. पूजा झाल्यावर लिंबावरून गाडी कशी नेतात?"

"पुढं," व्याही म्हणाले. "मागं नाही घ्यायची. मागं घेतली की..." आणि त्यांचं तोंड तसंच राहिलं.

"बरोबर," मी म्हणालो. "मागं नाही घ्यायची. पूजा झालेली गाडी मागं घेणं म्हणजे यमाला बोलावणं. आणि मांडवाच्या पुढं होतं काय? फाटक."

पोरानं गियर टाकला. लिंबं चिरडली. गाडी पुढं सरकली. बायका हात जोडून बाजूला झाल्या, कारण पूजा झालेल्या गाडीच्या वाटेत उभं राहणं आमच्याकडं अपशकुन. मीसुद्धा हात जोडले. खोटं का सांगू, मी मोठ्यानं "बोला पुंडलिक वरदे" म्हणालो. पहिली गाडी फाटकातून आत गेली. दुसरी आली, तिलाही हळदकुंकू लावलेलं, तीही पुढं. तिसरी. आणि मग एका गाडीची ताडपत्री वाऱ्यानं उचलली गेली.

वास आला. एका क्षणात. झेंडूच्या वासाच्या आत लपून बसलेला, तो उठून उभा राहिला. सगळ्या भरलेल्या होत्या. शहरात इतके दिवस साचलेला सगळा कचरा ताडपत्रीखाली होता.

"थांबवा!" कुणीतरी ओरडलं. पण कशी थांबवणार? लिंबावर चाकं होती. पोरगा काचेतून ओरडत होता, "आत्या, बाजूला व्हा, मागं नाही घेता येत!" आणि त्याच्या आत्यानं, म्हणजे माझ्या बायकोनं, बाजूला सरून त्याला वाट दिली. काय करणार होती? तिच्याच चुलतभावाचा पोरगा होता.

संपत तेव्हा कुठं होता? शेवटच्या गाडीमागं त्याची गाडी होती. जाताना काच खाली करून मला म्हणाला, "दाजी, चूक झाली ठेकेदाराची. मी बघतो त्याच्याकडं. अधिवेशन होऊ द्या. पास पाठवतो, तुम्ही या दिल्लीला."

आणि पास आला! हेच मला आजपर्यंत पचलं नाही. त्यानं पास पाठवला. बोलावून घेतलं. मी गेलो. करंजओढ्यातून लोकसभेत गेलेला पहिला माणूस संपत, आणि दुसरा मी.

"आणि तिसरी माशी," बबन म्हणाला, कारण हे त्यानं आधी ऐकलेलं होतं.

"माशीचं सांगतो ना. घाई काय?"

व्याही, माझ्या कोटाला डेपोचा वास इतका मुरलेला होता की दिल्लीच्या स्टेशनवर हमाल माझी पिशवी घेईनात. लोकसभेच्या दारात तपासणीवाल्यानं माझी तंबाखूची पिशवी काढून घेतली, पेन काढून घेतलं, चष्म्याचं घर काढून घेतलं. पण एक गोष्ट त्याला सापडली नाही. माझ्या कोटाच्या कॉलरखाली आमच्या डेपोची एक माशी बसलेली होती. करंजओढ्यापासून दिल्लीपर्यंत आली. मी ओळखायचो तिला. पाठीवर हिरवी चमक होती, आणि एक पाय जरा लंगडा.

"माशीचा पाय लंगडा?" व्याही हसून म्हणाले.

"सहा पाय असतात हो, एक लंगडा असला तर बिघडतं काय? गॅलरीत बसल्यावर ती उडाली. खाली गेली. मंत्रीसाहेब कायद्यावर बोलत होते, आणि त्यांच्या नाकावर जाऊन बसली. त्यांनी हात मारला. ती उठून दुसऱ्या बाजूच्या नेत्याच्या नाकावर. त्यानं हात मारला. मग अशी एका बाकावरून दुसऱ्या बाकावर, पक्षाचा भेद न करता. अर्ध्या सभागृहानं हात हलवले. अध्यक्ष म्हणाले, मत अजून द्यायचं नाहीये, हात खाली घ्या."

व्याही इतके हसले की त्यांना ठसका लागला. बबननं पाणी दिलं. बाटलीतलं, विकतचं. आमच्याकडं तेच देतात.

गोजरा तूर निवडत होती. तिचा हात थांबला नव्हता. आमच्या माशीवर ती कधीच हसलेली नाही.

मग संपतचं नाव पुकारलं. तो उभा राहिला. काय दिसत होता! पांढरा कुडता, खांद्यावर उपरणं. मी गॅलरीत ताठ बसलो. शेजारच्या माणसाला कोपरानं ढोसून सांगितलं, माझा मेहुणा. तो म्हणाला, अच्छा.

संपत हिंदीत बोलला. मला हिंदी समजते, तुम्ही काहीही म्हणा. तो म्हणाला, विरोधी पक्षाचे माननीय सदस्य म्हणतात, गावं कचऱ्याला विरोध करतात, म्हणून ग्रामसभेची परवानगी हवी. मी विचारतो, कोणतं गाव? ज्या गावाचं चित्र तुम्ही रोज टीव्हीवर दाखवता, ते माझं गाव आहे. त्या गावचं पाणी प्यालोय मी.

मला वाटलं, आता विहीर निघते. मी पुढं झुकलो.

संपतनं बाकावरून एक मोठं पुठ्ठ्याला चिकटवलेलं चित्र उचललं आणि दोन्ही हातांनी डोक्यावर धरलं. अध्यक्ष म्हणाले, काही दाखवायचं नाही, खाली ठेवा. तो ठेवेना. त्या चित्रात झेंडूचा हार घातलेला डंपर होता. त्याच्यासमोर आरतीचं ताट धरलेली, डोक्यावर पदर घेतलेली, हसणारी गोजरा होती.

"यह मेरी सगी बहन है," संपत म्हणाला. "मेरे गाँव की औरतें कचरे की गाड़ी की आरती उतारती हैं। और आप कहते हैं, गाँव विरोध करता है?"

बाकं वाजली. एका बाजूची सगळी बाकं. माझ्या शेजारचा माणूस म्हणाला, वाह, क्या बात है. ओझं उतरावं तसा सगळ्या सभागृहाचा जीव हलका झाला. गाव खूश आहे, बहीण हसते आहे, आता कशाला विचारायचं? ते कलम त्याच दिवशी वगळलं गेलं. देशातल्या कुठल्याही गावाला विचारायची गरज उरली नाही. आणि आमचा डेपो त्या कायद्यात बसला. कायमचा. तात्पुरता नव्हे.

मी गॅलरीतून खाली बघत होतो. संपतनं चित्र खाली ठेवलं, उलटं, म्हणजे गोजराचं तोंड खाली आणि पुठ्ठ्याची मागची बाजू वर. मग कुणाशी तरी हसून बोलत बसला.

त्याच्या बंगल्यावर संध्याकाळी मी बूट न काढता आत गेलो.

"दाजी!" तो उठून आला. "कसं झालं भाषण?"

"गोजराचा फोटो," मी म्हणालो.

"चांगला आलाय ना? मोठा करून घेतला मुद्दाम. घरी लावायला एक देतो तुम्हाला."

"संपतराव, तिला हे माहीत होतं का?"

"काय माहीत असायला हवं होतं? गावाचं नाव झालं. नाहीतर करंजओढा कुणाला माहीत होता दिल्लीत?"

"आणि डेपो?"

तो खाली बसला. त्यानं माझ्यासाठी पाणी मागवलं. मग म्हणाला, "कुठंतरी टाकावंच लागतं हो दाजी. शहराची घाण कुठं नेऊ? चंद्रावर?"

"म्हणून आपल्याच बापाच्या विहिरीवर?"

"दुसऱ्या गावात टाकायचं म्हटलं असतं," तो म्हणाला, आणि हे बोलताना त्याचा आवाज अगदी प्रेमळ होता, समजावून सांगणाऱ्या माणसाचा, "तर दुसऱ्या कुणाच्या बहिणीला ओवाळायला सांगावं लागलं असतं. तिनं ऐकलं असतं का माझं?"

मी पाणी न पिता उठलो. पुढच्या फेरबदलात तो राज्यमंत्री झाला, ते तुम्हाला माहीतच आहे.

घरी आलो तेव्हा गोजरा अंगणात होती. तिनं बबनच्या घरी टीव्हीवर सगळं बघितलेलं होतं. तिनं माझी पिशवी घेतली, आत ठेवली, पाय धुवायला पाणी दिलं. मग विचारलं.

"दादानं माझं नाव घेतलं का?"

"नाही," मी म्हणालो. "बहीण म्हणाला."

"बरं," ती म्हणाली, आणि भाकरी थापायला गेली.

बबननं उसासा सोडला. मग व्याह्यांनी हळू आवाजात विचारलं, "मग नंतर? भेट झाली का बहीण-भावाची?"

असा प्रश्न मला आवडतो. त्यासाठीच तर माणूस गोष्ट सांगतो. मी मांडी बदलली.

"झाली," मी म्हणालो. "झाली ना. माणूस वाईट नव्हता हो. खुर्ची वाईट. ती सुटली, निवडणूक हरला, आणि मग एक दिवस दुपारी आला. गाडी नाही, माणसं नाहीत, कॅमेरावाला नाही. शिवेवरून चालत आला. डेपोजवळ थांबला, बघितलं. मग सरळ विहिरीवर गेला. गोजरा तिथंच होती. तो म्हणाला, पाणी दे. तिनं रहाटानं एक बादली शेंदली, तांब्यात ओतलं, काळं पाणी, तवंगाचं. त्यानं ते तोंडाला लावलं आणि सगळं प्याला. घुटका घुटका करून. मी झाडाखालून बघत होतो. प्याल्यावर त्यानं तांब्या खाली ठेवला आणि म्हणाला, गोजरे, चुकलं गं माझं. आणि ती..."

"खोटं आहे."

मी वळलो. गोजराचा हात थांबलेला होता. सूप मांडीवर तसंच.

इतकी वर्षं मी ही गोष्ट सांगतो. माशी सांगतो, महापौर सांगतो, नवरदेव सांगतो, आणि शेवटी हेही सांगतो. ती नेहमी तिथंच बसलेली असते. एकदाही तिनं तोंड उघडलं नव्हतं.

"काय ताई?" बबन म्हणाला.

"विहीर आम्ही बुजवली होती," ती व्याह्यांना म्हणाली, माझ्याकडं न बघता. "दादा निवडणूक हरायच्या कितीतरी आधी. रहाट विकला, दगड बांधाला लावले. कशातून पाणी शेंदणार होते मी?"

"अगं, गोष्टीत थोडं..." मी म्हणालो.

"तो आला नाही," गोजरा आता माझ्याकडं बघून म्हणाली. "आई गेली तेव्हासुद्धा त्याचा सेक्रेटरी आला होता. दादा आला नाही. तुम्हाला काय ठाऊक? वाट मी बघत होते."